‘स्वभावाला औषध नाही’ असं लिहिण्याआधी

महाराष्ट्रातल्या मनोविकारतज्ज्ञांना, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना आणि समुपदेशकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बरीच मंडळी आधी कुठेतरी दाखवून आलेली असतात आणि सोबत केसपेपर असतो. त्यावर गोळ्यांची नावं, झोप, भूक, रक्तदाब सगळं नीट लिहिलेलं असतं. माणसाबद्दल मात्र एखादीच ओळ सापडते. ‘स्वभाव हट्टी.’ ‘मुळातच घाबरट.’ ‘लक्ष वेधून घेण्याची सवय.’ नातेवाईक घरात जे बोलत होते तेच आता शिक्क्यासकट हातात आलेलं असतं. मग तो कागद पुढे करून ते मला सांगतात, ‘मॅडम, डॉक्टरच म्हणाले, स्वभावाला औषध नसतं.’

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. ज्याला आपण स्वभाव म्हणून एका शब्दात उरकतो, त्याचा पाया मेंदूच्या खोल भागातल्या भावनांच्या यंत्रणांमध्ये असतो. या यंत्रणा अनेक आहेत आणि त्यांचे मार्ग व त्यांची रसायनं वेगवेगळी आहेत. समोरच्या माणसात त्यांतली कोणती यंत्रणा बोलते आहे, हे विचारायच्या आधीच आपण उपचार सुरू करतो. भीती आणि ताटातुटीचं दुःख यांच्यात तर आपण सर्रास गल्लत करतो, आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

१९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. ६५ वर्षांची बाई, पार्किन्सन्सचा जुना आजार, नैराश्याचा पूर्वेतिहास नाही. शरीराची हालचाल सुधारावी म्हणून तिच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवले होते आणि कुठल्या जागेचा उपयोग होतो ते तपासणं चालू होतं. एका जागी, सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागात, विद्युतप्रवाह सुरू केला आणि काही सेकंदांत तिचा चेहरा उतरला. ती रडू लागली. जगणं नकोसं झालंय, आपण निरुपयोगी आहोत, पुढे काही उरलेलं नाही, अशा आशयाचं बोलू लागली. प्रवाह बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत हे सगळं ओसरलं आणि ती हसतखेळत बोलायला लागली.

तिच्या आयुष्यात त्या काही मिनिटांत काहीही घडलं नव्हतं. कुणी अपमान केला नव्हता, वाईट बातमी आली नव्हती, एखादा अविवेकी समज अचानक डोक्यात शिरला नव्हता. आधी भावना उमटली आणि त्या भावनेला शोभतील असे विचार मागाहून आले. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या समुपदेशनाची घडण नेमकी उलट दिशेने झाली आहे. डॉ. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली, आणि त्यांच्या कामावर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. घटना, त्या घटनेबद्दलचा समज, त्या समजातून उपजलेली भावना, ही साखळी आपल्याला तोंडपाठ आहे. त्या परंपरेचं ऋण मी मानते, माझं स्वतःचं शिक्षण तिच्यातच झालं. विचार तपासून सावरलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. पण साखळी दुसऱ्या दिशेनेही चालते. जिथे ती तशी चालते तिथे रुग्णाला ‘तुमचा विचार चुकतोय’ असं आठवडेच्या आठवडे समजावत राहिलो, तर त्याला एवढंच कळतं की आपल्याला नीट विचारसुद्धा करता येत नाही.

१९४९ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांत विभागून दिलं गेलं. त्यांतले एक झ्युरिकचे वाल्टर हेस. मांजराच्या मेंदूत बारीक तारा सोडून, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाच्या भागाच्या आसपास सौम्य प्रवाह दिला की मांजर फिस्कारतं, केस पिंजारतं, अंगावर धावून येतं, हे त्यांनी पद्धतशीर दाखवलं. दुसरे होते लिस्बनचे एगास मोनिझ, कपाळामागच्या मेंदूचे धागे कापून मनोरुग्णांना ‘शांत’ करण्याच्या शस्त्रक्रियेचे जनक. भावनांचे मार्ग शोधणारा आणि ते तोडणारा, दोघांचा गौरव एकाच वर्षी झाला. त्यानंतर या शस्त्रक्रियेच्या, म्हणजे लोबोटॉमीच्या नावाखाली हजारो माणसांचं जे झालं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शांत झालेल्या त्या माणसांची आस्था, पुढाकार, गंमत करण्याची हौस हीसुद्धा गेली. तुकडा कापला मेंदूचा, हरवला माणूस. स्वभाव हा भावनांच्या मार्गांशी किती घट्ट बांधलेला असतो याचा इतका क्रूर पुरावा पुन्हा कधी मिळू नये.

हेस यांचा धागा पुढे नेणाऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते याक पँकसेप. जन्म १९४३, इस्टोनियातला. युद्धात देश सोडावा लागलेलं कुटुंब, पुढचं आयुष्य अमेरिकेत, मृत्यू २०१७ साली. प्राण्यांना भावना असतात असं म्हणणं ज्या काळात प्रयोगशाळेत अशास्त्रीय मानलं जायचं, त्या काळात त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सात मूळ भावनिक यंत्रणा मांडल्या: शोध, संताप, भीती, कामभावना, वात्सल्य, ताटातुटीचं दुःख आणि खेळ. या सगळ्यांची मुळं मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये नाहीत. ती त्याच्या बरीच खाली, मध्यमेंदूतल्या पेरिॲक्विडक्टल ग्रे या भागापासून हायपोथॅलॅमस, अमिग्डाला (धोका टिपणारा बदामाच्या आकाराचा भाग) असं करत वर गेली आहेत. तिथे प्रवाह दिला की प्राणी नुसती हालचाल करत नाही. काही जागी तो प्रवाह पुन्हा मिळावा म्हणून कळ दाबत राहतो (जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी माँट्रियलमध्ये १९५४ साली उंदरांत दाखवलं ते हेच), आणि काही जागी तो टाळण्यासाठी वाटेल ते करतो. म्हणजे त्या प्राण्याला काहीतरी बरं किंवा वाईट वाटत असतं.

जन्मानंतर लगेच कॉर्टेक्स काढून टाकलेली उंदराची पिल्लंही एकमेकांशी झोंबाझोंबी खेळतात, जवळपास इतर पिल्लांइतकीच. ज्या मुलांना जन्मतःच कॉर्टेक्स जवळजवळ नसतो, अशी मुलंही ओळखीच्या माणसाकडे पाहून हसतात, चिडतात, रडतात. ब्योर्न मर्कर यांनी २००७ साली याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. गतिमंद मुलांच्या आया हे आपल्याला केव्हापासून सांगत आल्या आहेत. ‘त्याला कळत नाही, पण त्याला वाटतं सगळं,’ असं म्हणणाऱ्या आईकडे पाहून आपण समजुतीने मान हलवतो. तिचं निरीक्षण मेंदूविज्ञानाच्या कसोटीला उतरणारं आहे, एवढं तरी आपण तिला सांगायला हवं.

आता भीती आणि ताटातूट. डोनाल्ड क्लाईन हे न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ. १९६० च्या सुमारास त्यांनी इमिप्रामिन हे तेव्हा नवं असलेलं औषध काही रुग्णांना दिलं. हे रुग्ण दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत नर्सेसच्या टेबलापाशी धावत यायचे. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणत होते, काही फरक नाही, भीती तशीच आहे. पण वॉर्डातल्या लोकांच्या लक्षात आलं की त्यांचं धावत येणं थांबलंय. भीतीचे झटके (पॅनिक) थांबले होते, झटका येईल या धास्तीत मात्र उतार नव्हता. एकाच औषधाने एक गोष्ट गेली आणि दुसरी तशीच राहिली, याचा अर्थ या दोन गोष्टी एक नाहीत. क्लाईन यांना आणखी एक दिसलं. यांतल्या अनेकांना लहानपणी आईपासून दूर राहण्याचा पराकोटीचा त्रास झालेला होता.

१९७८ साली पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आईपासून वेगळं केलेलं पिल्लू जे आक्रंदत असतं, ते अफूवर्गीय औषधाच्या अगदी थोड्या मात्रेनेही शांत होतं. पिल्लाला गुंगी आल्यामुळे हे होत नाही, कारण मात्रा त्याहून कमी असते. जवळच्या माणसाच्या स्पर्शातून मिळणारा दिलासा मेंदू शरीरातल्याच ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या रसायनांच्या द्वारे अनुभवतो. माणूस दूर गेला की ती पातळी घसरते, आणि जे वाटतं ते शारीरिक वेदनेच्या अगदी शेजारचं असतं. ऑक्सिटोसिन या जिव्हाळ्याशी जोडलेल्या संप्रेरकानेही हे रडणं कमी होतं. भीतीचा मुख्य रस्ता अमिग्डालातून जातो. ताटातुटीचा रस्ता सिंग्युलेट कॉर्टेक्सचा पुढचा भाग, थॅलॅमसचा मधला भाग आणि पेरिॲक्विडक्टल ग्रे यांतून जातो. गावे दोन, वाटा दोन.

दोन्ही अमिग्डाला निकामी झालेल्या, साप आणि कोळी निर्धास्त हाताळणाऱ्या एका बाईची हकिकत तुम्ही वाचली असेल. संशोधनाच्या वाङ्मयात ती एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. २०१३ साली तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली आणि ती भेदरून गेली. आयुष्यात न अनुभवलेली दहशत तिने अनुभवली. तसाच मेंदूदोष असलेल्या जुळ्या बहिणींचंही तेच झालं. हा गुदमरण्याचा गजर होता, ताटातुटीचा नव्हे, आणि ही दोन्ही एकच असल्याचा दावा मी करत नाही. पण ‘पॅनिक म्हणजे अमिग्डाला’ हे समीकरण आपल्या कार्यशाळांच्या स्लाइडवरून आता काढून टाकायला हरकत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक मुलगी सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. वय १९, वसतिगृहात राहून शिकणारी, आईवडील ऊसतोडीला जाणारे. छातीत धडधड, हात गार, श्वास अपुरा. इसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. परीक्षेची भीती असं निदान झालेलं, चिंता कमी करण्याची गोळी सुरू, आणि ‘नापास झाले तर काय होईल’ याचा तक्ता लिहून आणायला सांगितलेलं. तिने तो इमानेइतबारे लिहिला होता. मी विचारलं, हे कधी होतं? रात्री नऊच्या पुढे. नऊ वाजता काय होतं? आईचा फोन येतो. म्हणजे फोनवर काही टेन्शनचं बोलणं? नाही. फोन ठेवला की सुरू होतं. दुसरीतल्या वयापासून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जायचे आणि ही आजीपाशी राहायची. तेव्हाही पोटात दुखायचं. तेव्हा ‘शाळा बुडवायचं निमित्त’ असं निदान घरच्यांनीच केलं होतं.

या मुलीला धोक्यापासून पळायचं नव्हतं. तिला कुणीतरी जवळ हवं होतं. भ्यालेला प्राणी धोका टळला की शांत होतो, ताटातूट झालेला प्राणी आपलं माणूस दिसलं की शांत होतो. मैत्रीण शेजारी येऊन बसली की हिची धडधड दहा मिनिटांत उतरायची. हे तिला पक्कं माहीत होतं, पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उपाय काय केला? फोननंतरचा अर्धा तास एकटीने घालवायचा नाही, हे रेक्टरबाईंच्या मदतीने ठरवलं. आईला समोर बसवून, त्या हंगामांबद्दल दोघी पहिल्यांदा बोलल्या. दोघी रडल्या. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी झाली. तक्ता मी तिला फाडायला सांगितला नाही, तो नुसता बाजूला राहिला.

आपल्या भागात अशी मुलं किती असतील याचा विचार करा. दरवर्षी पाच-सहा महिने आईवडिलांविना काढणारी, हंगामी वसतिगृहात किंवा म्हाताऱ्या आजी-आजोबांपाशी राहणारी. आश्रमशाळेत सहाव्या वर्षी दाखल झालेली. दहावीनंतर शिकवणीसाठी लातूरला किंवा थेट कोट्याला पाठवलेली. लग्न होऊन दोनशे किलोमीटरवर गेलेली आणि पहिल्या पंचमीला माहेरी येऊ न दिलेली. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेराची ओढ ज्या तीव्रतेने येते, तिला आपण लोकसाहित्य म्हणून दाद देतो. तीच ओढ ओपीडीत धडधड होऊन आली की तिला जनरलाइज्ड ॲन्क्झायटी, म्हणजे सततच्या चिंतेचा विकार म्हणतो.

मग या यंत्रणांतून स्वभाव कसा घडतो? पँकसेप, केनेथ डेव्हिस आणि लॅरी नॉर्मन्सेल यांनी २००३ साली या भावनांवर आधारलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कामभावनेचे प्रश्न त्यांनी मुद्दाम वगळले, कारण त्यामुळे बाकीची उत्तरंही लोक सावधपणे देतील. त्यातून दिसलं ते स्वभाव मोजण्याच्या आपल्या ओळखीच्या ‘पाच घटकां’शी चांगलं जुळतं. ज्यांची शोध यंत्रणा जागती ते नव्या अनुभवांना मोकळे. खेळ जोरात असलेले बहिर्मुख. वात्सल्य भरपूर आणि संताप कमी असलेले मनमिळाऊ. आणि भीती, दुःख, संताप तिन्ही चढे असलेल्यांना आपण भावनिकदृष्ट्या अस्थिर म्हणतो. या शेवटच्या गटाकडे नीट पाहा. ‘अस्थिर’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या यंत्रणा दडलेल्या आहेत. एकाला संतापाने ग्रासलंय, दुसऱ्याला भीतीने, तिसऱ्याला तुटलेपणाने. तिघांच्या केसपेपरवर एकच ओळ. कर्तव्यदक्षता मात्र यांतल्या कुठल्याच भावनेशी ठळकपणे बांधलेली दिसली नाही. ती बहुधा वरच्या मजल्यावरची, शिकून आलेली गोष्ट असावी, असं माझं मत.

जन्माबरोबर काही कल येतो यात शंका नाही. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज दाखवले तेव्हा साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं. त्यांच्या गटाने दुसऱ्या वर्षी बुजरी ठरलेली मुलं तरुणपणी पुन्हा तपासली, तेव्हा अनोळखी चेहरे पाहताना त्यांचा अमिग्डाला इतरांपेक्षा जास्त पेटत होता. ते संशोधन २००३ सालचं. पण त्या रडक्या बाळांतली सगळी काही पुढे भित्री झाली नाहीत, आणि केगन हे आवर्जून सांगत. माँट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या उंदरांची गोष्ट त्याच दिशेची. ज्या माद्या पिल्लांना भरपूर चाटतात त्यांची पिल्लं मोठेपणी ताण चांगला पेलतात, आणि न चाटणाऱ्या मादीचं पिल्लू चाटणाऱ्या मादीपाशी वाढवलं तर तेही तसंच होतं. मेंदूतल्या ताणाची संप्रेरकं टिपणाऱ्या ग्राहींचं जनुक किती उघडं राहणार, हे त्या मायेवर अवलंबून असल्याचं २००४ साली दिसलं. आणि बुखारेस्ट. रोमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकून पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. जी बाळं दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांची माणसं जोडण्याची क्षमता सर्वांत चांगली सावरली. हे आकडे वाचताना मला आपल्याकडच्या शिशुगृहांतल्या पाळण्यांची आठवण येते. दत्तक-प्रक्रियेतला एकेक महिना कुठल्या वयातला महिना आहे, हे तिथल्या समित्यांना आपल्यापैकी कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

आता विरोधी बाजू, कारण ती लपवून हे पत्र लिहिणं अप्रामाणिक ठरेल. ज्या जोसेफ लदू यांनी भीतीच्या मार्गांचा अभ्यास केला, तेच आता म्हणतात की उंदरात दिसतं ते जगण्याचं रक्षण करणारं सर्किट आहे, त्याला ‘भीती’ ही जाणीव म्हणू नका, जाणीव कॉर्टेक्समध्ये घडते. लिसा फेल्डमन बॅरेट त्याहून पुढे जातात. त्यांच्या मते भावनांची ठरावीक यंत्रणाच नसते, मेंदू शरीराच्या संवेदनांवरून आणि संस्कृतीने दिलेल्या कल्पनांवरून प्रत्येक वेळी भावना नव्याने रचतो. हा वाद मिटलेला नाही. संस्कृतीचा वाटा मला शंभर टक्के मान्य आहे. सासरी रडायचं नाही, पुरुषाने रडायचं नाही, हे शिकवलेलं असतं, आणि त्यामुळे पुरुषाचं ताटातुटीचं दुःख दारूच्या नाहीतर संतापाच्या रूपाने आपल्यासमोर येतं. पण पॅरिसची ती बाई आणि कॉर्टेक्सविना खेळणारी पिल्लं यांचं समाधानकारक उत्तर मला बॅरेट यांच्या मांडणीत मिळत नाही. म्हणून मी पँकसेप यांच्या बाजूने उभी आहे.

मेंदूच्या नावावर चालणाऱ्या विक्रीपासूनही सावध राहायला हवं. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणारे लोक शाळाशाळांतून फिरतात, आणि पालक हजारो रुपये मोजतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, आणि हे जाहीरपणे सांगणं आपल्या व्यवसायाचं काम आहे. मेंदूची रंगीत चित्रं दाखवून ‘हा तुमचा स्वभाव’ सांगणारेही आले आहेत. स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली सुमारे ५० हजार माणसांचे स्कॅन तपासून दाखवलं की मेंदूची रचना आणि माणसाचे गुण यांतलं नातं इतकं बारीक असतं की ते पकडायला हजारो माणसं लागतात. एका माणसाच्या एका स्कॅनवरून स्वभाव वाचता येत नाही. यंत्रणा मेंदूत आहेत, पण त्या ओळखायचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं साधन अजूनही प्रश्न विचारणं हेच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिल्या भेटीत पाच-सात प्रश्न वाढवा. त्रास सुरू होण्याच्या आसपास कोण गेलं, कोण दुरावलं? जवळ कुणी आलं की त्रास कमी होतो, की जागा सोडली की कमी होतो? राग येतो तेव्हा काय अडलेलं असतं? (संतापाची यंत्रणा अडवणुकीने पेटते. ज्याला ‘रागीट’ म्हटलंय त्याला कोण आणि कधीपासून अडवतंय, हे विचारल्यावर कधी कर्ज निघतं, कधी भावकीतला बांध.) सकाळी उठल्यावर कशाची ओढ वाटते? कुणाची काळजी घ्यायला आवडतं? शेवटचं खळखळून कधी हसलात? शेवटच्या प्रश्नाला हलकं समजू नका. पँकसेप यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या तेव्हा ते माणसाला ऐकू न येणाऱ्या, ५० किलोहर्ट्झच्या पट्टीत चिवचिवले आणि पुन्हा पुन्हा त्याच हाताकडे धावले. ज्या मुलाचं खेळणं थांबलंय त्याच्यात काहीतरी बिघडलंय हे गुणपत्रिकेच्या कितीतरी आधी कळतं. शाळेत समुपदेशन करणाऱ्यांनी तर मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभं राहावं.

आणि उत्तरं मिळाली की केसपेपरवर स्वभावाच्या ओळीऐवजी ती लिहा. ‘घाबरट’ ऐवजी ‘बालपणी वारंवार ताटातूट, एकटेपणात लक्षणं वाढतात, सोबतीने कमी होतात.’ पुढच्या डॉक्टरला यातून दिशा मिळते. रुग्णाने वाचलं तर त्याला आपली लाज वाटत नाही.

औषधाबद्दल दोन शब्द, मनोविकारतज्ज्ञांसाठी. स्वभावाला औषध नाही हे विधान आता तपशिलातही टिकत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत नैराश्याच्या रुग्णांना पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) किंवा विचाराधारित उपचार दिले होते. नैराश्य तितकंच उतरलेल्या प्लासिबो गटाच्या तुलनेतही पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांची भावनिक अस्थिरता कितीतरी जास्त घटली आणि बहिर्मुखता वाढली. स्वभाव म्हणून आपण जे मोजत होतो तेच हललं होतं. इस्रायलमधल्या २०१६ सालच्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाच्या अतिसूक्ष्म मात्रेने चार आठवड्यांत आत्महत्येचे विचार प्लासिबोपेक्षा जास्त कमी झाले. पँकसेप त्या चमूत होते आणि ती कल्पना थेट पिल्लांच्या रडण्यावरून सुचली होती. ते औषध तसं वापरा असं मी मुळीच म्हणत नाही. त्याचं व्यसन लागू शकतं आणि त्या मार्गावर अजून बरंच संशोधन व्हायचं आहे. पण आत्महत्येच्या काठावरचा माणूस कशाने पोळतोय, याचा एक धागा त्यातून मिळतो.

‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकार हा शिक्का मारताना तर हात थांबलाच पाहिजे. मेरी झनारिनी यांनी अमेरिकेत अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्ण किमान दोन वर्षं निदानाच्या निकषांबाहेर राहिले. नोकरी आणि नाती पुन्हा उभी करणं त्यांतल्या अनेकांना जमलं नाही हेही खरं, म्हणजे मदत तिथे हवी. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे मोडून आता तीव्रता आणि कल पाहायला सांगितलंय. २०२२ पासून ते लागू आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर अजून जुनेच कप्पे दिसतात. आणि फिनियस गेज या अमेरिकेतल्या रेल्वे-कामगाराची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगता तेव्हा ती अर्ध्यावर सोडू नका. १८४८ साली पहार कवटीतून आरपार गेली आणि गेज पूर्वीचा राहिला नाही, इथे आपण थांबतो. तोच गेज पुढे चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता, उतारू सांभाळत, वेळापत्रक पाळत. इतक्या मोठ्या इजेनंतरही तो बराच सावरला होता.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणाऱ्या सहकाऱ्यांना एक खास विनंती. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी तुमची मिनिटं किती थोडी असतात हे मी जवळून पाहते. वरचे सगळे प्रश्न तिथे शक्य नाहीत. पण ‘त्रास कधी वाढतो, एकटं असताना की लोकांत?’ एवढा एक प्रश्न नर्सताई किंवा आशाताईसुद्धा वजन घेताना विचारू शकतात, आणि उत्तरासाठी कागदावर एक ओळ मोकळी ठेवता येते. प्रशिक्षणात त्यांना हा एक फरक शिकवायला अर्धा दिवस पुरेल. असं प्रशिक्षण घ्यायला मी कुठल्याही तालुक्यात यायला तयार आहे, मानधनाशिवाय.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कृपया सविस्तर लिहावं, विशेषतः भीती आणि ताटातूट वेगळी करून पाहिल्यावर उपचारात काहीच फरक पडला नाही असा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी. तशा केसेस मला बघायच्या आहेत.

आपली,
एक समुपदेशक